भासऱ्यांच्या साइडकारमधून परासियाला

परासियाला पाहण्यासारखे काही नाही. हे आधीच सांगते, म्हणजे माझे वाचून कोणी उगाच जायला निघणार नाही. तिथे कोळसा आहे, धूळ आहे आणि थंडी आहे. मी काही पाहायला गेले नव्हते. माझे भासरे मोटारसायकलचे मिस्त्री. त्यांना ऐकू येत नाही. त्यांच्या जागी ऐकायला कोणीतरी पाहिजे होते, म्हणून गेले.

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्यात सून भासऱ्याशी बोलत नाही. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाही, त्यांचे नाव घेत नाही. नुसता धक्का लागला तरी आंघोळ करायची. मी परकरातून लुगड्यात आले ती याच घरात. आता केस पांढरे झाले, नवरा गेला, जाऊ गेली, पण भासऱ्यांशी मी एक शब्द बोलले नव्हते. त्यांना पाणी पाहिजे असले तर ते भिंतीकडे पाहून म्हणत, "कोणी पाणी देईल का?" मी तांब्या उंबऱ्यावर ठेवून त्यावर बोटाने टिचकी मारी. यात चांगले काय नि वाईट काय, याचा मी कधी विचार केला नाही. घर चालत होते.

नागपूर

आमच्या अंगणात पत्र्याची शेड आहे, म्हणजे होती. तिथे भासरे मोटारसायकली दुरुस्त करत. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापायची आणि भिंतीपलीकडे इंजिने ओरडायची. इतकी वर्षे ऐकल्यावर कोणते इंजिन धड चालते आणि कोणते रडते हे कळायला शाळा लागत नाही. मी चौथी शिकले. तेवढ्यात हेही कळले.

मोटारसायकलचा जीव कार्बोरेटरमध्ये असतो. मिस्त्री लोक त्याला कारबेटर म्हणतात. पितळेचे लहानसे भांडे असते. त्यात पेट्रोल येते, हवा येते, दोन्ही मिसळून आत जातात. पेट्रोल जास्त झाले तर वात मोठी केलेल्या चिमणीसारखा काळा धूर. हवा जास्त झाली तर इंजिन शिंकते आणि तापते. एकच कार्बोरेटर असला तर भासरे धुरावरून, वासावरून, मागच्या नळीसमोर तळहात धरूनही जमवून घेत. पण काही गाड्यांना दोन असतात, दोन सिलिंडरला दोन. ते दोन्ही सारखे ओढले पाहिजेत. नाहीतर एक बैल ओढतो आणि दुसरा नुसता चालतो. ते हाताला कळत नाही. रबराची नळी घ्यायची, एक टोक कानात, दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी. हवा आत जाताना फुसकारा येतो, तव्यावरच्या भाकरीतून वाफ सुटते तसा. डावीकडचा ऐकायचा, उजवीकडचा ऐकायचा, जो मोठा असेल त्याचा आतला पडदा जरा खाली सोडायचा.

हिवतापात भासऱ्यांनी कोयनेल फार घेतले, त्याने कान गेले. आधी कमी झाले, मग गेलेच. गाड्या बिघडून परत येऊ लागल्या. एक दिवस ते नळी कानात घालून तसेच बसून राहिले. ना स्क्रू फिरवत होते, ना उठत होते. मी दारातून पाहत होते. डावीकडचा आवाज मोठा आहे हे मला तिथूनच कळत होते. आत जाऊन दोन वाट्या आणल्या, त्यांच्यासमोर पाटावर ठेवल्या आणि डावी पालथी घातली. त्यांनी वाटीकडे पाहिले, डावीकडचा स्क्रू थोडा फिरवला. मी वाटी सरळ केली.

तेव्हापासून तसेच ठरले. नळी लांब घेतली, दाराच्या पडद्याआड मी ती कानात घालून बसायची. जिकडचा आवाज मोठा, तिकडची वाटी पालथी. दोन्ही वाट्या सरळ, म्हणजे काम झाले.

मग युद्ध आले. पेट्रोल कुपनावर मिळू लागले आणि लोकांनी गाड्या झाकून ठेवल्या. शेडमध्ये काम उरले नाही. माझा मुलगा माधव सरकारी कचेरीत कारकून आहे. तो मला म्हणाला, "आई, मोठेबाबांले सांग, आता पुरे. शेड पाडून तिथं न्हाणी बांधू. भंगारवाल्याशी बोललो मी."

"मी कशी सांगू?" मी म्हटले. "तूच सांग."

"त्यांले ऐकू येते का?"

त्यातच परासियाकडच्या एका कोळशाच्या खाणीच्या मॅनेजरची साइडकारची मोटारसायकल आमच्याकडे आली. दोन सिलिंडरची, दोन कार्बोरेटरची, जुनी. निरोप असा होता की ती वर आणून दाखवा. तिथे नीट चालली तर खाणीच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्रीची जागा आहे, राहायला खोली आहे. भासऱ्यांच्या कानांबद्दल मॅनेजरला माहीत नव्हते. जागा मिळाली तर शेड गेली तरी चालले असते. नाही मिळाली तर हा म्हातारा उरलेले दिवस ओट्यावर बसून काढणार, हे घरात सगळ्यांना दिसत होते. त्यांनाही.

भासरे भिंतीला म्हणाले, "वर हवा पातळ असते. इथं लावलेली तिथं चालणार नाही. तिथं पुन्हा लावा लागते. कोणी संग आलं तर होईल."

मी माधवला सांगितले, "सौंसरला यमूकडं जाऊन येतो म्हणते."

"मोठेबाबांच्या मोटारसायकलवर?"

"मंग काय बैलानं जाऊ?"

पुढे तिथे रोज कोण ऐकणार, हे मी विचारले नाही. त्यांनीही विचारले नव्हते.

सौंसर

साइडकार म्हणजे चाक लावलेला पाळणा. आत पाय लांब करून बसायचे. मांडीवर फडक्यात बांधलेल्या वाट्या आणि नळी, पायाशी भाकरीचा डबा. मार्गशीर्षातली सकाळ होती, धुके होते. सावनेरपर्यंत मला भासऱ्यांचा डावा बूट सोडून काही दिसले नाही. वारा कानात शिरत होता. मी कानाला पदर घट्ट बांधला आणि मग पुन्हा सोडला. कान झाकून कसे चालेल?

सावनेरला चहा प्यायलो. हॉटेलवाल्याने भासऱ्यांना विचारले, "बाई कोण?" भासऱ्यांनी त्याचे ओठ पाहिले आणि सांगितले, "बिस्कुट नको."

सौंसरला संत्र्याचे दिवस होते. रस्त्याच्या कडेला ढीग, त्यावर माश्या. इथपर्यंत आपलीच बोली. माझी चुलत बहीण यमू इथे दिली आहे. तिने ओसरीवरून मला साइडकारमधून उतरताना पाहिले आणि तिथूनच ओरडली.

"काहून वं! भासऱ्याच्या बगलेत बसून आली? लाज तरी वाटते का?"

"बगलेत कुठं? खाली बसली मी. ते वर, मी खाली."

"रस्ताभर बोलली काय त्यांच्याशी?"

"बोलून काय करतो? त्यांले ऐकू येत नाही."

"मंग तर बरं हाय," यमू म्हणाली. "मनातलं सारं बोलून घे."

ती हसली, मी हसले नाही. भासरे विहिरीवर हात धूत होते.

यमूने वांग्याची भाजी आणि झुणका केला होता. भासऱ्यांना ओसरीवर पान, आम्ही आत. निघताना तिने माझ्या मांडीवर संत्री ओतली. यमूचे गुडघे गेले आहेत. पुन्हा भेट होईल असे तिलाही वाटत नव्हते, मलाही नाही. ते आम्ही बोललो नाही.

घाट

पुढे कन्हान नदी लागली. हीच कन्हान खाली माझ्या माहेरी खाप्याला जाते. इथे ती बारीक आणि काळी दिसली. मग घाट. सागाची पाने गळत होती, झाडे उघडी पडलेली. माणूस दिसत नव्हता.

अर्ध्या चढावर इंजिनाचा आवाज बदलला. लंगड्या माणसासारखे चालू लागले. डावीकडचे मेले होते, सगळे उजवीकडचेच ओढत होते. भासऱ्यांना वाटले चढच जास्त आहे. ते आणखी मूठ पिळू लागले. असे पाच-दहा मिनिटे चालले असते तर उजवीकडचे तापून बसले असते, आणि मग मॅनेजरला काय दाखवणार होते?

मी डब्यावर हात आपटला. व्यर्थ. मी साइडकारचा पत्रा बडवला. ते समोर पाहत होते. शेवटी एक संत्रे उचलले आणि त्यांना दिसेल असे पुढे, डाव्या बाजूला फेकले. दुसरे फेकले. तिसरे पेट्रोलच्या टाकीवर आपटून फुटले आणि त्यांच्या कोटावर रस उडाला.

त्यांनी गाडी थांबवली, रस पुसला आणि सागाच्या झाडाला विचारले, "डाव्या बाजूचा?"

मी त्याच झाडाकडे पाहून मान हलवली.

त्यांनी डावा कार्बोरेटर उघडला. खाली पाणी आणि गाळ साचला होता. युद्धात पेट्रोल तसेच मिळे. त्यांनी भांडे पुसले, आतले बारीक भोकाचे तुकडे तोंडाने फुंकले, उजेडाकडे धरून पाहिले. थंडीने त्यांची बोटे वळत नव्हती. मी काट्याकुट्या गोळा करून जाळ केला आणि दूर जाऊन बसले. त्यांनी जाळावर हात शेकले, मग काम केले. ते काम करत असले की चेहरा वेगळा दिसे. बाकी वेळी त्यांचा चेहरा कसा असतो हे मला नीट माहीत नव्हते. मी कधी समोरून पाहिलेच नव्हते.

छिंदवाडा

इथून हिंदी. धर्मशाळेत उतरलो. राखणदाराची बायको आमच्यापेक्षा कडक निघाली. मी भासऱ्यांसमोर तोंड उघडे ठेवते म्हणून तिला नवल वाटले. "हमारे यहाँ जेठ के सामने पूरा घूँघट," ती म्हणाली. स्वतः दोन बोटांच्या फटीतून पाहत अंगण झाडत होती. तिने मक्याची भाकरी आणि भाजलेल्या वांग्याचे भरीत दिले. मक्याची भाकरी घशात अडकते. आपली ज्वारीची बरी.

सकाळी अंगणात गाडी सुरू केली. काळा धूर निघाला, डोळे चुरचुरले. नागपूरला हीच गाडी स्वच्छ चालली होती. भासरे खांबाला म्हणाले, "पाहा. पेट्रोल तेवढंच, हवा कमी." चुलीचे तोंड बंद केले की धूर होतो, तसेच. त्यांनी दोन्ही कार्बोरेटरमधल्या लांब सुया एकेक खाच खाली घेतल्या, हवेचे स्क्रू थोडे उघडले. इंजिन गरम होऊ दिले. धूर विरळ झाला, मग दिसेनासा झाला.

मग मी खांबामागे नळी घेऊन बसले. ते टोक धरत, मी ऐकत असे. उजवी पालथी. त्यांनी पडदा केसभर सोडला. पुन्हा उजवी. पुन्हा सोडला. आता डावी. झाडणारी बाई झाडू टाकून बघत उभी राहिली. तिला वाटले आम्ही गाडीची पूजा करतो आहोत. बराच वेळ गेला. मान आखडली. मग एकदा डावीकडचे ऐकले, उजवीकडचे ऐकले, आणि कोणते कुठले हे मलाच कळेना. मी दोन्ही वाट्या सरळ केल्या.

भासरे वाट्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "झालं."

खाण

परासियाच्या अलीकडेच धूळ काळी व्हायला लागते. झाडांची पाने काळी, कुत्री काळी, बायकांचे पाय काळे. खाणीच्या अंगणात इतका गोंगाट होता की मला माझाच श्वास ऐकू येत नव्हता. माणसांना खाणीत उतरवणारे पाळणे वर-खाली करणारे यंत्र, दगड-कोळसा निवडणारी चाळण, आणि अंगणातून गेलेल्या रुळांवरून कोळशाचे लोखंडी डबे. डबे उतारावरून आपले आपण येत. मागे एक माणूस शिटी वाजवत असे.

मी भिंतीला लागून उभी राहिले. मॅनेजर हिंदी बोलणारा, जाडसर, गळ्यात मफलर. माणूस वाईट नव्हता. भासरे त्याच्या तोंडाकडे पाहून उत्तरे देत होते, आणि न कळले तर म्हणत, "साब, शोर बहुत है." गोंगाट होताच. खरेच वाटले.

मॅनेजरने गाडीला लाथ मारली, पहिल्याच लाथेत चालू. अंगणाबाहेर गेला, टेकडीवर जाऊन आला. उतरताना हसत होता.

"ऐसी तो नई थी तब भी नहीं चली," तो म्हणाला. "सोमवार से आ जाओ, मिस्त्री."

भासऱ्यांनी ओठांवरून ओळखले. माझ्या डोक्यावरच्या भिंतीला म्हणाले, "सोमवार."

गाडी रुळाच्या कडेला उभी होती, इंजिन चालू होते. डावीकडच्या कार्बोरेटरची एक चकती आवळायची राहिली होती. आता जागा मिळाली, आता काय घाई होती? पण त्यांना अर्धे काम सोडवत नसे. हत्यारांची पेटी रुळावर ठेवली आणि पाना घेऊन ते उकिडवे बसले, रुळाकडे पाठ करून, अगदी कडेला.

शिटी वाजली. मग माणूस ओरडला. मग आणखी दोघे ओरडले. डबे उतारावरून येत होते. सगळ्यांना वाटले, म्हातारा उठेल. कोणीही उठले असते.

"मोठेबाबा!" मी ओरडले. "सरका जी! मागं!"

घरातली पोरे त्यांना मोठेबाबा म्हणतात. माझ्या तोंडून तेच आले. ते चकती आवळत होते.

मी पळाले. या वयात पळणे म्हणजे काय ते म्हाताऱ्यांनाच माहीत. त्यांच्या कोटाची बाही धरली, दंडासकट धरली आणि ओढले. आम्ही दोघेही कोळशाच्या चुऱ्यात पडलो. डबे पेटीवरून गेले. पेटीचा चपटा पत्रा झाला.

भासऱ्यांनी आधी माझ्या हाताकडे पाहिले. तो अजून त्यांच्या दंडावर होता. त्यांनी दंड मागे घेतला. मग डब्यांकडे पाहिले, मग पेटीकडे.

मॅनेजर आला. त्याचा चेहरा उतरला होता. त्याने त्यांना काही विचारले, ते नुसते पाहत राहिले. मग तो माझ्याकडे वळला.

"माई, इनको सुनाई नहीं देता?"

काम करताना त्यांना भान राहत नाही, असे सांगता आले असते. त्याने मानलेही असते. मग सोमवार आला असता, मंगळवार आला असता, आणि डबे रोज येतात. मी तिथे किती दिवस भिंतीला उभी राहणार होते?

"नाही," मी म्हटले. "बिलकुल नाही."

मॅनेजरने चपट्या झालेल्या पेटीकडे पाहिले. मग म्हणाला, "काम में कोई कमी नहीं. लेकिन मैं इनको यहाँ रख के मार नहीं सकता." त्याने आम्हाला चहा दिला आणि स्टेशनपर्यंत बैलगाडी दिली. मोटारसायकल त्याची, ती तिथेच राहिली. चालू होती. बंद करायला कोणाला सुचले नव्हते. फाटकाबाहेर पडेपर्यंत मी कान देऊन होते.

परत

परतताना छोट्या लाइनची आगगाडी. गाडी इतकी हळू जाते की लोक उतरून बोरे तोडून पुन्हा चढतात. डब्यात थंडी होती. धक्का लागला म्हणून आंघोळ करायला पाहिजे होती. मी केली नाही. पाणी फार गार होते.

भासरे समोरच्या बाकावर. कोट काळा झालेला, हातात काही नाही. मी भाकरी काढून त्यांच्या बाजूला ठेवली. त्यांनी खाल्ली नाही. छिंदवाडा गेले, ऊन निघाले, जंगल सुरू झाले. मला वाटले ते मला दोष देत असतील. देवोत, असे मी मनात म्हटले. जिवंत आहेत तर देतील.

मग ते खिडकीकडे पाहून म्हणाले, "ती नळी कोणाजवळ हाय?"

मी फडके सोडून नळी काढली आणि बाकावर ठेवली. त्यांनी एक टोक कानात घातले. दुसरे टोक माझ्या बाजूला सरकवले आणि तोंड खिडकीकडेच ठेवले.

"शेवटी दोन्ही सारखे होते काय?"

मी डब्यात पाहिले. एक मारवाडी झोपला होता, दोन बायका शेंगा सोलत होत्या. मी टोक तोंडाशी धरले.

"सारखे होते," मी सांगितले. "फाटकापर्यंत ऐकलं मी. सारखेच होते."

त्यांनी मान हलवली. शब्द पोचले की नुसता नळीतला वारा, ते मी विचारले नाही. थोड्या वेळाने भाकरी खाल्ली.

घरी आल्यावर माधवने शेड पाडली. उरलेली हत्यारे भंगारात गेली. न्हाणी चांगली झाली आहे, पाणी तुंबत नाही. वाट्या स्वयंपाकात आहेत. भासरे दिवसभर ओट्यावर बसतात. रस्त्याने मोटारसायकल गेली की ओटा थोडा हादरतो, ते त्यांना पायाला कळते. मग ते शेजारी ठेवलेली नळी उचलतात, एक टोक कानात घालतात आणि दुसरे दाराकडे धरतात. मी हातातले टाकून येते आणि काय ऐकू आले ते नळीत सांगते.

"डावी कमी हाय. उजव्या बाजूनंच ओढून राहिली."

त्यांची बोटे मांडीवर थोडी फिरतात. मी परत आत जाते. तव्यावर भाकरी असते.